बिजाईच्या ढोलीतलं पासबुक

आमच्या घरातल्या एका पासबुकाला अजून धानाचा वास येतो. पोस्टातल्या पीपीएफचं, माझ्या नावाचं पासबुक. एका वर्षी मी ते खातं मोडायला निघालो होतो. मोडलं असतं तर म्हातारपणासाठी आम्हा नवराबायकोजवळ घराच्या चार भिंती आणि त्या भिंतींवरचं कर्ज एवढंच राहिलं असतं. मोडलं नाही. त्यात माझी अक्कल किती होती हे विचारू नका, ते पुढं दिसेलच. आता सगळं पार पडलं आहे म्हणून हसत सांगतो, तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढं हायवेला लागून एक कारखाना होता, मोठ्या गाड्यांचे सुटे भाग करणारा. बावीस वर्षं मी तिथं मेंटेनन्समध्ये काढली. मशीन बंद पडली की माझ्या नावाचा पुकारा व्हायचा. त्याच पगारावर भंडाऱ्यात घर बांधलं, पोरीचं लग्न केलं. मग एका दिवाळीनंतर मालकाला हा धंदा इथं परवडेनासा झाला आणि गेटवर कागद लागला. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण ज्या मशिनी मी बावीस वर्षं चालत्या ठेवल्या त्यांचे नटबोल्ट खोलून ट्रकवर चढवून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात आलं, ते फार लागलं. शेवटची मशीन गेली त्या दिवशी मी जेवलो नाही.

पुढं शेवटचा हिशोब बँकेत जमा झाला. पाहतो तर त्यातून करापोटी चांगलीच मोठी रक्कम कापलेली. कापणारे कोण, तर आमचे अकाउंटचे बाबू. या माणसाशी माझं कधी पटलं नाही. दरवर्षी जानेवारी लागला की बगलेत फाईल मारून ते शॉपमध्ये यायचे आणि मशिनींच्या आवाजावर आवाज काढून ओरडायचे, "प्रूफ आणा, प्रूफ! पीपीएफ भरला असन, विमा भरला असन, पावती द्या. मंग माझ्या नावानं बोंबलू नोका." पावती दिली की तेवढ्या रकमेवरचा कर वाचायचा. नाही दिली की फेब्रुवारीच्या पगाराला कात्री लागायची.

आणि खरं सांगू का, जानेवारीत माझाही रुबाब काही कमी नसायचा. चहाच्या सुट्टीत मी पोरांना धडे द्यायचो. "ऐंशी-सी म्हणजे काय ते समजून घ्या बे. पैसा आपल्याच म्हातारपणाचा, वरून सरकार करात सूट देते. आन पासबुक आपल्याजवळ ठेवू नोका. माणसाचा हात चळते. बायकोजवळ द्या आन सांगून ठेवा, मी मांगितलं तरी देऊ नोको." पोरं हसायची, पण ऐकायची. माझ्या माघारी मला 'मास्तर' म्हणायची आणि ते मला माहीत होतं.

आता त्या मास्तरची अक्कल पाहा. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की सूट ऑफिस देतं. बावीस वर्षं पावती ऑफिसात दिली, ऑफिसानं कर सोडला, मग देणारं ऑफिसच नाही का? त्या साली जानेवारी आला आणि प्रूफ मागायला कोणी आलं नाही. पीपीएफ भरून पावती दाखवू कोणाला? नोकरी संपली तशी सूटही संपली, आणि सूटच नाही तर त्या खात्यात पैसा अडकवून ठेवायचा कशाला, असा माझा विचार चालला होता.

त्यात खात्याची पंधरा वर्षं आदल्या मार्चमध्येच पुरी झाली होती. काउंटरवरच्या मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं, "सगळे पैसे काढून घ्या, नाहीतर वर्षाच्या आत फॉर्म द्या, म्हणजे खातं आणखी पाच वर्षं चालेल." मी "पाहू, पाहू" करत वर्ष घालवलं. इकडं कारखान्यातला एक जुना सोबती रोज येऊन कानाशी लागला, "सेकंडहँड टेम्पो घेऊ भागीत. तुमसरच्या राइस मिलवाल्यायचा धान वाहू. पैसाच पैसा." मला ते पटलं. रिकाम्या माणसाला काहीही पटतं. फेब्रुवारी संपता संपता मी खातं मोडायचं ठरवून टाकलं.

कपाट उघडलं. पासबुक जागेवर नव्हतं.

"पासबुक कुठं आहे?" मी बायकोला विचारलं. ती तांदूळ निवडत बसली होती.

"एकोडीले."

"एकोडीले? पासबुक एकोडीले कायले गेलं?"

"दादाजवळ ठेवलं. बिजाईच्या ढोलीत."

एकोडी तिचं माहेर, साकोलीकडचं. तिचा थोरला भाऊ तिथं धान करतो. बियाणं आता सगळे दुकानातून पिशवीबंद आणतात, पण हा माझा साळा एका जुन्या, वासाच्या धानाची बिजाई अजून घरचीच राखतो. मळणी झाली की त्यातलं निवडक धान बांबूच्या ढोलीत भरायचं, झाकण ठेवायचं आणि शेणमातीनं तोंड लिंपून टाकायचं. ते उघडायचं पऱ्हे, म्हणजे रोपांसाठी बी, टाकायच्या दिवशी, पावसाळा लागताना. मध्ये घरात खायला दाणा नसला तरी तिकडं कोणी पाहायचं नाही. आणि त्यांच्याकडं आणखी एक रीत आहे. जे मोडायचं नाही ते बिजाईत ठेवायचं. शेताचे जुने कागद, सासूबाईंचे चांदीचे तोडे, सगळं त्या ढोलीत. डिसेंबरात मळणीला गेली तेव्हा बाईसाहेबांनी माझं पासबुकही नेऊन तिथं घातलं होतं. मला न विचारता!

मी भडकलो. "माझ्या नावाचं खातं, माझा घाम, आन तू ते धानात गाडून आली?"

"गाडलं नाही जी. ठेवलं," ती म्हणाली आणि तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढली. लाखनी, साकोली करत एकोडीला पोचलो तेव्हा साळा आंगणात दोर वळत बसला होता. चहा झाला, तब्येतपाणी झालं. मग मी विषय काढला.

"ढोली आता नाही उघडत, भाऊजी," तो म्हणाला. "हवा लागली का किडा पडते. अख्खी बिजाई जाते."

"एका मिनिटाचं काम आहे. हात घालतो आन काढतो."

"कायले पाहिजे पण?"

"खातं मोडाचं आहे."

त्यानं हातातला दोर खाली ठेवला. "मंग तं नाहीच. मोडासाठी आमच्या घरी ढोली उघडत नाही. पेरासाठी उघडते. तिनं ठेवलं, तिले घेऊन या. पाहू."

मी काय काय बोललो ते आठवलं तरी लाज वाटते. तुमच्या रीती तुमच्याजवळ ठेवा, नोकरी माझी गेली, तुमची नाही, शेतकऱ्याले काय समजते पगार बंद होणं म्हणजे, असं बरंच. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यानं दोर उचलून पुन्हा वळायला घेतला. निघताना माझ्या गाडीला तांदळाची पिशवी बांधून दिली. एवढ्या रागातही मी ती घेतली, हेही सांगून टाकतो.

भंडाऱ्यात आल्यावर पोस्ट गाठलं. म्हटलं, पासबुकाची दुसरी प्रत काढू, ढोली गेली खड्ड्यात.

"हरवलं का?" मॅडमनी विचारलं.

"हरवलं नाही."

"मग फाटलं? भिजलं?"

"नाही. ढोलीत आहे."

"कशात?"

"धानाच्या ढोलीत. एकोडीला."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. रांगेत मागं कोणीतरी फिसकन हसलं. "मग काढून आणा ना, काका. असलेलं पासबुक हरवलं म्हणून कसं लिहून द्याल?"

आता खोटं लिहून द्यायला माझाही हात धजेना. बाहेर आलो तेव्हा डोकं नुसतं तापलं होतं. बायकोवर ओरडून झालं, साळ्यावर ओरडून झालं, पोस्टात हसं झालं. आता कोणाशी तरी कडकडून भांडल्याशिवाय अन्न गोड लागणार नव्हतं. मग बाबू आठवले. माझ्या शेवटच्या पैशाला कात्री लावणारे बाबू. गाडी तशीच शहापूरला घेतली.

बाबू बनियनवर ओसरीत बसून सुपात लाखोळीची डाळ पाखडत होते. फाईलशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचीही नोकरी माझ्याच दिवशी गेली होती, हे मला इतके दिवस सुचलंच नव्हतं.

"या, या," ते म्हणाले. "मले माहीत होतं तुम्ही येसान. पहिले पाणी घ्या, मंग शिव्या द्या."

पाणी प्यायल्यावर शिव्या देणं अवघड जातं. तरी मी म्हणालो, "बाबू, नोकरी जाणाऱ्याचा खिसा कापताना काहीच नाही वाटलं तुमाले?"

"प्रूफ मी जानेवारीत घेतो. कारखाना बंद झाला नोव्हेंबरात. मालक म्हणे, आठ दिवसात सगळ्यायचा हिशोब करा. हाती कागद नाही तं कर कापा लागते, नाहीतं मीच अंदर. कापला. माझाबी कापला." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पण तुम्ही या वर्षाचा पीपीएफ भरला का?"

"भरून दाखवू कोणाले? ऑफिस कुठं आहे सूट द्याले?"

बाबू माझ्याकडं पाहतच राहिले. मग हसू लागले, असे हसले की त्यांना ठसका लागला. "अरे बाप्पा! तुम्ही तं मास्तर ना? साऱ्या शॉपले ऐंशी-सी शिकवणारे? सूट काय कंपनीच्या बापाची आहे? ऑफिस अंदाजानं कर कापते, बस. सूट तुमची आहे. रिटर्न भरताना मांगा लागते. जादा कापलेला कर खात्यात वापस येते."

"पण मी आता बेकार आहो."

"बेकार आज आहा. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत पगार घेतला का नाही? कर त्या कमाईवर आहे, सूटबी त्याच कमाईतून. पगारातून पीएफ कापला त्याची तं सूट भेटतेच, तुमाले कोणी सांगितलं नाही? त्याच्यावर एकतीस मार्चच्या आत पोस्टात भरा. तुमची नोकरी आहे का नाही, हे पोस्ट विचारत नाही."

त्यांनी कोनाड्यातली एक जुनी लग्नपत्रिका ओढली आणि तिच्या पाठीमागं पेन्सिलीनं मांडायला बसले. कराच्या जुन्या पद्धतीनं मांडलं, नवीन पद्धतीनं मांडलं. घराच्या कर्जाचं व्याज धरलं. माझ्या बाबतीत जुनीच पद्धत बरी निघाली, फक्त रिटर्न मुदतीत भरायचं होतं. खाली एक आकडा लिहून त्याच्याभोवती त्यांनी गोल केला. "हे एवढे वापस येतीन." त्यात घराचे सहा-सात महिन्यांचे हप्ते निघत होते. मी पत्रिका दोनदा हातात घेऊन पाहिली.

"आन ते खातं?" मी विचारलं. "पंधरा वर्षं झाली. मी तं मोडाले निघालो होतो."

"मोडा आन खा. दोन वर्षात संपन. मंग काय करसान?" बाबूंचा आवाज आता शॉपमधल्यासारखा चढला होता. "फॉर्म द्या, पाच वर्षं चालवा. अडलं तं वर्षातून एकदा थोडे काढताबी येते. पण वर्षाच्या आत फॉर्म गेला पाहिजे. तो चुकला तं भरलेल्या पैशाले ना व्याज, ना सूट."

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. चार महिने छातीवर मशीन ठेवल्यासारखं झालं होतं, ती कोणी उचलून घेतली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण इथं गाढव कोण ते मला स्पष्टच दिसत होतं. पैसे किती द्यायचे म्हणून विचारलं तर बाबू म्हणाले, "पैसे राहू द्या, माझी बोअरची मोटर पंधरा दिवस झाले चालत नाही." मी गाडीच्या डिकीतून पाने काढले. मोटर चालू करूनच घरी आलो.

घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "एकोडीले चालतं का?"

"कायले?" तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"पोस्टात पैसे भराचे आहेत. पासबुक पाहिजे."

ती लुगडं बदलायला आत गेली. तेवढ्यात तिच्या गुणगुणण्याचा आवाज आला. चार महिन्यांत ऐकला नव्हता.

एकोडीत साळ्यासमोर मी मान खाली घालूनच उभा होतो. त्याच्याशी बोलली ती. "दादा, खातं मोडत नाही. त्याच्यात आणखी पैसे भरून पुढं चालवाचं आहे. पण एकतीस तारखेच्या पहिले."

साळ्यानं थोडा विचार केला. ढोली मार्चात उघडायची हे त्याच्या जिवावर आलं होतं, ते दिसत होतं. शेवटी म्हणाला, "भराचं असन तं उघडतो. पेरल्यासारखंच आहे ते. पण उघडली का आजच्या आज लिंपा लागते. माती भाऊजीनं कालवाची."

मी शेतकऱ्याचाच पोरगा, पण नोकरी लागल्यापासून शेणात हात घातला नव्हता. पँट वर करून बसलो आणि शेणमाती कालवली. साळ्यानं विळ्याच्या टोकानं तोंडाचा लिंपा फोडला. आतून त्या धानाचा वास आला तो सगळ्या ओसरीत भरला. बायकोनं कोपरापर्यंत हात घातला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक बाहेर काढलं. मग झाकण ठेवून मी लिंपायला लागलो. पहिला हात इतका वाकडातिकडा झाला की साळा म्हणाला, "कारखाना असाच चालवत होते का?" आम्ही तिघं हसलो. हसता हसताच मी त्याला म्हणालो की मागच्या वेळी जे बोललो ते विसरून जा. तो म्हणाला, "कोणतं?"

पोस्टात मॅडमनी पासबुक उघडलं तर त्यातून धानाचे दोन दाणे काउंटरवर पडले. त्यांनी ते चिमटीत उचलून मला परत दिले, फॉर्म घेतला, पैसे घेतले, शिक्का मारला. मार्च संपायला अजून आठ-नऊ दिवस होते. हिशोबाच्या पैशातले एवढे पोस्टात घातले म्हणून पुढचे दोन महिने ओढाताण झाली, नाही असं नाही. भाजी निम्म्यावर आली, गाडी कमी फिरवली. पण झोप लागायची.

मे महिन्यात तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मशिनी सांभाळायचं काम मिळालं. पगार पहिल्याच्या निम्म्याहून कमी, पण मशीन बंद पडली की पुन्हा माझ्या नावाचा पुकारा होतो. सोबत्यानं दुसऱ्याच्या भागीत टेम्पो घेतला. धानाच्या दिवसांत चालतो, एरवी त्याच्या घरासमोर उभा असतो. रिटर्न बाबूंनीच भरून दिलं, मुदतीच्या आत.

पोळ्याच्या चार दिवस आधी मी मिलमध्ये कोंड्याच्या पंख्याचा पट्टा बदलत होतो तेव्हा खिशात मोबाईल वाजला. बँकेचा मेसेज. आकडा वाचला. बाबूंच्या पेन्सिलीतल्या आकड्याहून थोडा जास्तच, व्याज धरून. अंगभर कोंडा, आणि मी तिथंच पोत्यावर बसून पोरासारखा हसत सुटलो. आधी बाबूंना फोन केला. ते म्हणाले, "आता बोंबलसान माझ्या नावानं?" मी म्हणालो, "बोंबलतो ना, साऱ्या गावात बोंबलतो."

संध्याकाळी घरी गेलो, हातपाय धुतले आणि बायकोसमोर मोबाईल ठेवला. तिनं पाहिलं, देवाजवळ साखर ठेवली, थोडी माझ्या हातावर दिली. मला राहवलं नाही. म्हणालो, "तू ते पासबुक लपवलं म्हणून वाचलो. नाहीतं मी ते फुकून बसलो असतो. पण तुले कसं समजलं का मी मोडाले निघन?"

"मले कुठं काय समजलं?" ती म्हणाली. "खातं उघडलं त्या दिवशी पासबुक आणून माझ्या हाती कोणी देलं? तुम्हीच देलं. म्हणाले, हे आपल्या म्हातारपणाचं आहे, मी मांगितलं तरी देऊ नोको."

पंधरा वर्षांत ही गोष्ट माझ्या ध्यानातून साफ गेली होती. शॉपमधल्या पोरांना वर्षानुवर्षं तोच धडा देत होतो, आणि पहिला कोणाला दिला होता तेच विसरलो होतो.

"मंग घरी काहून नाही ठेवलं? एकोडीले कायले नेलं?"

ती तोंडाला पदर लावून हसली. "घरी ठेवलं असतं तं तुम्ही मांगितल्यावर मी देलं असतं जी. तुमचा चेहरा पाहवत नव्हता मले."